कार्डावरचं दुसरं नाव

बँकॉक, ६ जानेवारी २०२५

प्रिय संध्या,

फोनवर आपण दोघी हल्ली "बरं आहे, बरं आहे" एवढंच बोलून ठेवतो, म्हणून हे पत्र. काम आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणशील, काम पडल्याशिवाय हिला चुलत बहीण आठवत नाही.

माझा अभ्यास शेवटच्या टप्प्यात आलाय. थायलंड, घाना, मेक्सिको आणि आपण, असे मध्यम उत्पन्नाचे चार देश. प्रश्न एकच: आजारी माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहिला की त्याचा आरोग्यविमा खरोखर कामाला येतो का? इथे ज्याला नोकरीतला विमा नाही, तो आपलं ओळखपत्र घेऊन भागातल्या सरकारी दवाखान्यात जातो. एके काळी दर खेपेला तीस बाथ घ्यायचे, म्हणजे चहा-नाश्त्याचे पैसे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी तिथल्या बाकावर नुसती बसून राहिले. बाबांना घेऊन आपण रात्रभर कुठे कुठे फिरलो होतो, ते आठवलं.

तू खोपोलीच्या इस्पितळात सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर बसतेस. रोज किती माणसं तुझ्यासमोर कार्ड ठेवत असतील! त्यांतल्या दोन-तीन हकिगती मला लिहून पाठव. तुझ्याइतकी आतली माहिती मला चारही देशांत कोणी देणार नाही. आभारात तुझं नाव घालीन.

आईकडे जातेस ना पळसदरीला? मी फोनवर तिला विचारते, जेवलीस का, तर ती संध्यानं काय करून आणलं तेच सांगत बसते. ऐकून बरं वाटतं. अगदी खरं सांगायचं तर थोडं कमीच बरं वाटतं.

तुझी,
हर्षला

ता. क. टाइप करायचा कंटाळा असेल तर कागदावर लिही आणि फोटो काढून पाठव.


खोपोली, १९ जानेवारी

हर्षला,

आशीर्वाद द्यावा तर तू माझ्याहून अकरा दिवसांनी मोठी, आणि नमस्कार करायला हात उठत नाही. तेव्हा नुसतंच हर्षला.

बाद झालेल्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. मध्यम उत्पन्नाचा देश म्हणजे आपणच का गं? हे उत्पन्न आमच्या टेबलासमोरच्या रांगेत अजून कोणाकडे दिसलं नाही. दिसलं की कळवते. आणि बारावीला गणितात मला तुझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त होते, हेही आभारात कुठे बसत असेल तर बघ. पुढे काकांनी धरणाजवळचा जमिनीचा तुकडा बंगलेवाल्याला विकून तुला पुण्याला पाठवलं आणि माझ्या बाबांनी मला वावोशीला दिलं. कमलेश माणूस चांगला आहे. तो मुद्दा नाही.

तुला हकिगत हवी ना, घे. वरच्या ठाकूरवाडीतला शुक्रा हर्नियाच्या ऑपरेशनला आला. रेशनकार्ड प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं. नंबर टाकला तर कार्ड बंद, आणि आमची योजना चालते ती रेशनकार्डावरच. कारण काय, तर कार्डावरच्या प्रत्येकाने रेशन दुकानात अंगठा देऊन केवायसी करायची होती आणि ह्याचा धाकटा वीटभट्टीवर गेलेला. चौघांचे अंगठे झाले, पाचव्याचा राहिला, म्हणून दुकानदाराच्या मशिनमध्ये अख्खं घर अडकलं. मी म्हटलं, "मुलाला तरी आण, नाहीतर त्याचं नाव तरी कमी कर." म्हातारा म्हणाला, "नाव कसं कापू? जिता हाय ना तो." शेवटी मुलगा आला, अंगठा दिला, तिसऱ्या दिवशी कार्ड उघडलं. शुक्रा आता बरा आहे.

काकीकडे गेल्या रविवारी होते. पोपटी लावली होती तिने, मडक्यात भाजायला घातलेल्या वालाच्या शेंगा अगदी कोवळ्या होत्या. मडकं उघडलं तेव्हा म्हणाली, "हर्षीला पोपटी लय आवडायची." मग मलाच सगळी वाढली. रात्री तिथेच राहिले, तुझ्या खाटेवर.

संध्या


बँकॉक, २ फेब्रुवारी

प्रिय संध्या,

शुक्राची हकिगत म्हणजे खजिना आहे! आमच्या बैठकीत सांगितली तर सगळे सरसावून बसले. घानामध्ये विम्याचं कार्ड दर वर्षी नव्याने चालू करावं लागतं. बरीच माणसं करत नाहीत, आजारी पडली की धावतात. मेक्सिकोने पंधरा-सोळा वर्षं चाललेली योजना मोडून दुसरी आणली, तर लोकांना आपण कशात आहोत हेच कळेना. आणि आपल्याकडे कुटुंबातला एक माणूस दूर गेला की मागे राहिलेल्यांचा विमा अडकतो. हा मुद्दा आजवर कोणाच्या लक्षातच आला नव्हता. मी त्याच्यावर एक स्वतंत्र प्रकरण करतेय.

पोपटीचं वाचून माझा जळफळाट झाला, लपवत नाही. मी इथे सातव्या मजल्यावर भात आणि उकडलेलं अंडं खाते आणि माझी आई मडकं लावते, ते तुझ्यासाठी. ती खाट आईने माझ्यासाठी सुताराकडून करून घेतली होती. तू झोपतेस त्याला माझी हरकत नाही. म्हणजे आहे, पण हरकत घेण्याचा मला हक्क नाही, एवढं कळतं.

आईचा आवाज परवा दमलेला वाटला. म्हणाली, ओढ्यावरून चालून आले. तिचं केशरी कार्ड आहे, आणि तू तिथे टेबलावरच आहेस, त्यामुळे उद्या काही झालंच तरी मला घोर नाही. घानातल्या बायकांपेक्षा ती केवढी सुखी!

हर्षला


खोपोली, २१ फेब्रुवारी

हर्षला,

शुक्राचं प्रकरण झालं हे ऐकून त्याला कळवलं. तो म्हणाला, "बरं." दुसरी एक हकिगत आहे, पण ती अजून पुरी झालेली नाही. झाली की लिहीन. काकी ठीक आहे.

संध्या


खोपोली, १ एप्रिल

हर्षला,

हे पूर्ण वाच, मध्येच फोन करू नकोस. मी वॉर्डात आहे, फोनवर मला नीट सांगता येणार नाही.

काकीला शनिवारी इथे दाखल केलं. ओटी चढताना खाली बसली ती उठेना. हृदयाची एक झडप आकसली आहे, बदलावी लागणार. इथे होत नाही, नवी मुंबईला न्यायचं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांच्या आत करा, त्यापुढे मी शब्द देत नाही. ऑपरेशन योजनेत बसतं. योजनेशिवाय करायचं तर आपली दोन्ही घरं मिळून विकली तरी पुरायचं नाही.

आणि काकीचं कार्ड बंद आहे.

कार्डावर तीन नावं होती. काका, काकी, तू. काकांच्या नावावर ते गेल्यावर लाल रेघ मारली. काकीने अंगठा दिलेला आहे. तुझा राहिला. रेशन दुकानातला रोहिदास काकीला दर महिन्याला विचारायचा, आणि ती दर महिन्याला सांगायची, "येणार हाय हर्षी पुढच्या महिन्यात." तो बिचारा थांबत राहिला. तिकडे मशीन थांबलं नाही.

आता एकच वाट आहे. तुझं नाव कमी करायचं. तहसील कचेरीत विचारून आले, अर्ज दिला तर दोन दिवसांत करून देतो म्हणाले. पण कार्ड काकीच्या नावावर, तिचा अंगठा लागतो, आणि ती देत नाही. म्हणते, "कार्डावर एक लाल रेघ हाय ती बास झाली. नाव कापायचं ते मेलेल्याचं, नायतर लगीन होऊन गेलेल्या पोरीचं. माजी पोर दोन्हीतली नाय." डॉक्टरांनी समजावलं, नर्सने समजावलं. तोंड भिंतीकडे करून पडून आहे.

तू तुझ्या सहीचा अर्ज पाठव, की माझं नाव स्वेच्छेने कमी करा. तुझ्या हातचा कागद दाखवला तर ऐकेल. नमुना सोबत जोडलाय.

संध्या


बँकॉक, २ एप्रिल

संध्या,

तू म्हणालीस म्हणून फोन केला नाही. केला असता तर जे बोलले असते त्याची नंतर लाज वाटली असती. लिहितानाही वाटतेय, पण थांबवत नाहीये.

माझ्या आईला दम लागतो हे तुला कधीपासून माहीत होतं? "काकी ठीक आहे" असं फेब्रुवारीत कोणी लिहिलं? आणि आता पहिलीच मागणी काय, तर हर्षलाचं नाव कापा. माझी खाट तुझी झाली, माझ्या वाटची पोपटी तुझी झाली, आईच्या तोंडी दिवसभर तुझं नाव. त्या घरात माझं म्हणून एका कागदावर एक ओळ उरली होती, तीही तुला बघवली नाही!

मी स्वतः येते आणि अंगठा देते. पासपोर्ट घानाच्या व्हिसासाठी त्यांच्या वकिलातीत अडकलाय, बारा-तेरा दिवसांत मिळेल. डॉक्टरांना सांग, चार दिवस इकडेतिकडे होतील. तोवर कोणीही माझ्या नावाला हात लावायचा नाही.

हर्षला


खोपोली, ४ एप्रिल

हर्षला,

डॉक्टरांना विचारलं. चार दिवस इकडेतिकडे चालणार नाहीत. काल रात्री ऑक्सिजन लावला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कधीपासून माहीत होतं? दम लागतो हे दिवाळीपासून. कार्ड बंद झालं हे चौदा डिसेंबरपासून. रोहिदासनेच सांगितलं, मी काकीची साखर आणायला गेले होते. काकी म्हणाली, "हर्षीला सांगू नको, ती शिकतीय." हे खरं आहे, पण मी गप्प राहिले ती त्यासाठी नाही. काकीच्या शब्दाआड लपायला मला आवडलं असतं. आज नको.

मी गप्प राहिले कारण मला बरं वाटत होतं. तू बँकॉकहून लिहिणार की आई घानातल्या बायकांपेक्षा सुखी, आणि मला इथे बसून माहीत असणार की तुझी आई त्यांच्याच रांगेत उभी आहे, तुझ्यामुळे. बारावीनंतर पहिल्यांदा तुला न येणारं गणित मला येत होतं. शुक्राची हकिगत मी मुद्दाम लिहिली. तुला कळावं असंही वाटत होतं आणि कळू नये असंही. तू त्याच्यावर प्रकरण केलंस. बैठकीत सांगितलंस. घरातला एक माणूस दूर जातो म्हणजे कोण जातो, हे तुझ्या डोक्यातही आलं नाही, आणि मी तो कागद वाचून हसले. तेव्हा काकी आत खोकत होती. त्या हसण्याची मला आता किळस येते.

सगळं माहीत असूनही काकीला आधी डॉक्टरकडे नेलं नाही असं समजू नकोस. दोनदा नेलं. ते म्हणाले मोठ्या तपासण्या करा, आणि तपासण्यांना कार्ड लागतं. तिथून मी तिला परत आणलं आणि तुला "काकी ठीक आहे" लिहिलं. इस्पितळात माझं कामच हे, की कार्ड अडलं तर नातेवाइकाला त्याच दिवशी सांगायचं. चारशे माणसांना सांगितलं असेल. एकीला सांगितलं नाही.

आणि नावाचं. माझं लग्न झालं त्याच्या आठव्या दिवशी बाबांनी माझं नाव कार्डावरून कापून आणलं. घरी येऊन म्हणाले, काम झालं. सासरच्या कार्डावर चढायला पावणेदोन वर्षं लागली. तेवढा काळ मी कुठल्याच कार्डावर नव्हते, आणि कोणाचं काही अडलंही नाही. तुझं नाव सहा वर्षं परदेशात असून ठेवलंय, आणि ते राहावं म्हणून एक बाई ऑक्सिजन लावून भिंतीकडे तोंड करून पडलीय. मला हेवा वाटतो का? वाटतो. तुझ्या विमानाचा वाटला नव्हता एवढा ह्याचा वाटतो.

पण मला तुझी ओळ नको. मला काकी हवी. अर्ज पाठव.

संध्या


बँकॉक, ४ एप्रिल, रात्री

संध्या,

सही केलेला अर्ज जोडलाय. दोन प्रती, एक तहसीलला, एक आईला दाखवायला.

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग शुक्राचं प्रकरण उघडून बसले. त्यात मी लिहिलंय, "स्थलांतर करणाऱ्या सदस्याला आपल्या अनुपस्थितीचे परिणाम बहुधा ठाऊक नसतात." हे वाक्य मला फार आवडलं होतं. गेल्या वर्षी घानातल्या एका बाईला मी विचारलं होतं, कार्ड चालू का नाही ठेवलंस? ती म्हणाली, मुलगी शहरात आहे, ती बघते. मी वहीत "निष्काळजी" असं लिहून ठेवलं. बाईबद्दल नव्हे, त्या मुलीबद्दल.

तू गप्प राहिलीस ते मी विसरणार नाही. पण मीही दोन महिने आईचा दमलेला आवाज ऐकून तुझ्याच नावाने निश्चिंत झोपत होते. तू तिथे आहेस ह्याचा मला राग यायचा, आणि तू तिथे आहेस म्हणूनच मी इथे होते. ह्या दोन गोष्टी मी एका जागी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

आईला एवढं वाचून दाखव: "आई, कापू दे. कार्डावरून गेलं तरी मी जात नाही. पासपोर्ट हातात पडला की येते."

ऐकली नाही तर तिच्यावर ओरड. तुझं ओरडणं ती ऐकते. माझं कधीच ऐकलं नाही.

हर्षला


पळसदरी, १२ एप्रिल

हर्षला,

काल रात्री तुला फोनवर फक्त "ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली" एवढंच सांगितलं, कारण नंतर मला रडू आलं. बाकीचं आता लिहिते. कमलेश तिच्यापाशी बसलाय, मी कपडे न्यायला तुमच्या घरी आलेय.

तुझं पत्र मी पाच तारखेला वाचून दाखवलं. काकीने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तिचीच सही हाय ना ही? बघ नीट." मी म्हटलं, "तिचीच." तरी तोंड फिरवलं. मग मी ओरडले, तू सांगितलं होतंस तशी. अख्खा वॉर्ड बघत होता. म्हटलं, "काकी, तू मेलीस तर कार्डावर दोन रेघा होतील आणि तिसरी तिची एकटीची ओळ राहील. ती कोणासाठी ठेवतेस?" मग म्हणाली, "अंगठा देते. पन एक अट हाय. कार्ड हातात आलं की त्याच्यावर हर्षीचं नाव परत लिहायचं. पेन्सिलीनं. सरकारला नाय दिसलं तरी चालंल. मला दिसलं पायजे."

मी हो म्हटलं. त्या वेळी मी काहीही हो म्हटलं असतं.

सात तारखेला तहसीलात साहेबाने काकांच्या रेघेखाली दुसरी रेघ मारली आणि सही केली. मशिनमध्ये कार्ड उघडायला दुसरा दिवस गेला. नऊला योजनेची मंजुरी आली. ती मी स्वतःच्या हाताने भरली, नंबर पाच वेळा तपासला. दहाला तिला नवी मुंबईला हलवलं, अकराला ऑपरेशन. झडप नीट बसली म्हणतात.

आज सकाळी तिला काचेतून बघायला गेले. नर्सने दोन मिनिटं आत सोडलं. मला वाटलं, पाणी मागेल किंवा तुझ्याबद्दल विचारेल. ती म्हणाली, "कार्ड?" पर्समध्येच होतं. काढून दाखवलं. दोन लाल रेघा बघितल्या आणि हाताने खूण केली, लिही.

पेन्सिल नर्सकडून मागून घेतली. तिच्या उशाशी, औषधाच्या कागदावर कार्ड ठेवून दुसऱ्या रेघेखाली तुझं नाव लिहिलं. हर्षला. पूर्ण, वडलांच्या नावासकट. हात टेकायला नीट जागा नव्हती, त्यामुळे "र्ष" वाकडा आलाय, तेवढं समजून घे. काकीने ते बोट लावून बघितलं आणि मग डोळे मिटले.

मी अजून पेन्सिल धरून उभी होते. खालच्या ओळीत जागा होती. वाटलं, एकदा डोळे उघडेल आणि म्हणेल, तुझंही लिही. नर्सने दोन मिनिटं झाली म्हणून खूण केली. मी तिची पेन्सिल परत दिली आणि बाहेर आले.

चौदाला तुझं विमान कितीला उतरतं ते कळव, कमलेश गाडी घेऊन येईल. खाटेवरची चादर बदलून ठेवतेय.

संध्या